परसातून तारकागुच्छांचे फोटो : लहान दुर्बीण, कडेला वाकणारे तारे आणि बाकीचे प्रश्न

कृष्णाकाठ
२७ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

नमस्कार मंडळी. काल महाशिवरात्रीची रात्र, चंद्र नाही, हवा कोरडी. घराच्या मागच्या परसात दुर्बीण लावली आणि पहिल्यांदाच पुष्य नक्षत्रातल्या गुच्छाचा, म्हणजे एम ४४ चा (मेसिएच्या यादीतला ४४ वा), नीट फोटो काढायचा प्रयत्न केला. गाव कराड. परस म्हणजे वीस बाय पंचवीस फूट माती, एका बाजूला नारळ, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची भिंत आणि तिच्यावर पाण्याची टाकी. उत्तरेकडचा ध्रुव बरोबर त्या टाकीच्या आड जातो. आमच्याकडे तो मुळातच सतरा अंशांवर असतो, त्यामुळे टाकी लहान असूनही पुरते.

सामान असं : ८० मिमी वस्तुभिंगाची भिंगांची दुर्बीण, फोकल लेंथ ४८० मिमी, आडवं-उभं फिरून तारा आपोआप शोधणारं गोटू माउंट (विषुववृत्तीय, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षावर फिरणारं, नाही) आणि जुना २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर. गुच्छ चौकटीत छान मावला. तीस-तीस सेकंदांचे चाळीस फोटो घेतले, सव्वादहाला सुरुवात केली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सुंदर दिसत होतं. संगणकावर मोठं करून पाहिलं तर मधले तारे टिपक्यांसारखे, आणि कोपऱ्यांतले सगळे छोट्या कमानींसारखे वाकलेले. पाच सेकंदांचे काही फोटो काढले होते, त्यांत वाकणं बरंच कमी आहे.

गेली सहा वर्षं नुसत्या डोळ्याने आणि द्विनेत्रीने हे आकाश बघतोय. नेत्रिकेतून जे दिसतं ते घरच्यांना आणि शाळेतल्या मुलांना दाखवता यावं, म्हणून हा खटाटोप. भिंगात दोष आहे का? फ्लॅटनर (कडेचे तारे नीट करणारं जादा भिंग) घ्यावा लागेल का? तो स्वस्त नाही, म्हणून आधी विचारतो.

गच्चीवरून
२७ फेब्रुवारी, सकाळी ९.३२

आधी अभिनंदन, कारण पहिल्याच रात्री फोकस बरोबर आलाय. मधले तारे टिपके आहेत म्हणजे ती लढाई जिंकलीत.

माझं स्पष्ट मत : विषुववृत्तीय माउंटशिवाय खोल आकाशाच्या फोटोग्राफीत पडू नये. आडवं-उभं माउंट ताऱ्याचा पाठलाग करतं, पण चौकट आकाशाबरोबर फिरत नाही. मध्यबिंदू जागेवर राहतो आणि बाकीचं आकाश त्याच्याभोवती वळतं. तुमच्या कमानी त्यातूनच आल्या असाव्यात. पुण्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी तीन वर्षं हेच करत वेळ घालवला, मग माउंट बदललं.

ध्रुवमत्स्य
२७ फेब्रुवारी, सकाळी ११.०५

गच्चीवरून, निदान बरोबर, उपाय मात्र मला घाईचा वाटतो.

कृष्णाकाठ, आधी भिंगाचा दोष आणि चौकटीचं फिरणं यांतला फरक ओळखू या. भिंगामुळे कडेचे तारे बिघडतात तेव्हा ते बहुधा केंद्राकडून बाहेरच्या दिशेला ताणलेले दिसतात, चाकाच्या आऱ्यांसारखे. आणि एक सेकंदाच्या फोटोतही तितकेच ताणलेले दिसतात. चौकट फिरल्याने येणाऱ्या कमानी आऱ्यांना काटकोनात असतात, चाकाच्या धावेसारख्या, आणि एक्स्पोजर वाढवलं की लांबत जातात. तुमचे पाच सेकंदांचे बरे आहेत म्हणजे भिंग निर्दोष समजा. फ्लॅटनरचे पैसे सध्या वाचवा.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही फोटो काढलात तेव्हा एम ४४ कुठे होता? त्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) साधारण उत्तर १९.६ अंश आणि कराडचा अक्षांश १७.३. म्हणजे तो तुमच्या डोक्यावरून जाताना खस्वस्तिकापासून, म्हणजे बरोबर माथ्यावरच्या बिंदूपासून, जेमतेम सव्वादोन अंशांवरून जातो. आडव्या-उभ्या माउंटसाठी आकाशातली सगळ्यात वाईट जागा तीच.

चौकट ताशी किती अंश फिरते याचं सूत्र : १५ गुणिले अक्षांशाची कोज्या, गुणिले दिगंशाची (उत्तरेपासून मोजलेल्या दिशेची) कोज्या, भागिले उन्नतीची (क्षितिजापासूनच्या उंचीची) कोज्या. कराडसाठी पहिले दोन गुणून १४.३ येतात. काल एम ४४ साधारण दहा पन्नासला मध्यमंडलावर (माथ्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) होता. आकडे घालून बघितले :

मध्यमंडलावर असताना मिनिटाला जवळजवळ ६ अंश. तीस सेकंदांत ३ अंश. तुमच्या सेन्सरच्या कोपऱ्यात हे १८०-१९० पिक्सेल होतात.
अर्धा तास आधी, तुम्ही सुरुवात केलीत त्या सुमारास, तीस सेकंदांत कोपऱ्यात साधारण १९ पिक्सेल. तुमच्या कमानी त्याच.
दोन तास आधी, म्हणजे पावणेनऊला, तो पूर्वेकडे साठ अंशांवर होता. तेव्हा तीस सेकंदांत अडीच पिक्सेल, पंधरा सेकंदांत सव्वा.

दिगंशाची कोज्या ठीक पूर्वेला आणि ठीक पश्चिमेला शून्य होते, त्यामुळे तिथे चौकट जवळजवळ फिरतच नाही. तोच गुच्छ, तेच माउंट, फक्त दोन तास लवकर. तेवढं करून बघा.

नागपूरकर
२७ फेब्रुवारी, दुपारी १.४८

ध्रुवमत्स्य दादांनी नेमकं सांगितलं. मी चार वर्षं आडव्या-उभ्या माउंटवरच काम करतोय, दहा-बारा सेकंदांचे फोटो घेऊन. कृत्तिका, पुष्य, सारथीतले एम ३६, ३७, ३८, व्याधाच्या खालचा एम ४१, सगळे घेतलेत. एकही रात्र वाया गेली असं वाटलं नाही.

इथले बरेच लोक सुरुवातीलाच मृगातल्या तेजोमेघाच्या किंवा देवयानीच्या मागे लागतात आणि शहराच्या उजेडात निराश होतात, म्हणून थोडं लिहितो. तेजोमेघाचा उजेड पसरलेला असतो आणि शहराच्या आकाशाचा उजेडही पसरलेला असतो. दोन्ही एकाच पिक्सेलवर एकमेकांत मिसळतात. ताऱ्याचा उजेड मात्र दोन-चार पिक्सेलमध्येच गोळा होतो, तिथे आकाशाच्या वाट्याला थोडंच येतं. म्हणून पथदिव्यांच्या गावातही तारकागुच्छ हाताला लागतात. आपल्यासारख्यांनी सुरुवात इथूनच करावी, आणि मी तर म्हणतो बरीच वर्षं इथेच रमावं.

लाइट पोल्युशन फिल्टर गुच्छांसाठी घेऊ नका. तारे सगळ्या रंगांत प्रकाश देतात, फिल्टर त्यातले काही पट्टे कापतो आणि ताऱ्यांचे रंग बिघडतात. एम ४४ मध्ये निळसर-पांढऱ्या ताऱ्यांमध्ये काही नारिंगी राक्षसी तारे आहेत. ते नारिंगी दिसले नाहीत तर त्या फोटोतली अर्धी गोडी जाते. त्यासाठीही लहान एक्स्पोजर बरं. तारा जळून पांढरा झाला की त्याचा रंग कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

गच्चीवरून
२७ फेब्रुवारी, दुपारी ३.२०

गणित मान्य. पण नागपूरकर, लहान एक्स्पोजरमध्ये कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट प्रत्येक फोटोत नव्याने येतो. दोन मिनिटांच्या तीस फोटोंची सर दहा सेकंदांच्या साडेतीनशे फोटोंना येत नाही, एकूण वेळ सारखा असला तरी.

नागपूरकर
२७ फेब्रुवारी, दुपारी ४.०२

अंधाऱ्या गावात नक्की फरक पडतो. पण शहरात दहा-पंधरा सेकंदांतच आकाशाचा उजेड इतका साठतो की कॅमेऱ्याचा गोंगाट त्यात बुडून जातो. त्यापुढे एक्स्पोजर वाढवून हाती फारसं लागत नाही. कॅमेऱ्याच्या हिस्टोग्रामचा (उजेडाच्या आलेखाचा) डोंगर डावी कड सोडून थोडा आत आला की पुरे. मी आयएसओ ८०० वर ठेवतो. आणि फोटोंची संख्या वाढवत नेतो : गोंगाट संख्येच्या वर्गमुळाच्या हिशोबाने घटतो. शंभर फोटो म्हणजे एका फोटोच्या दहापट स्वच्छ.

वह्या_पुस्तकं
२७ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.१५

मी बारावीला आहे, परीक्षा संपल्यावर सुरू करायचं ठरवलंय. दुर्बीण नाही. मामाचा कॅमेरा, ५० मिमी भिंग आणि साधा ट्रायपॉड आहे. काही जमेल का?

ध्रुवमत्स्य
२७ फेब्रुवारी, रात्री ८.४०

जमेल, आणि छान जमेल. कृत्तिका आणि रोहिणीचा शकट (व्ही आकाराचा गुच्छ) एकाच चौकटीत घे. सध्या संध्याकाळी आठला कृत्तिका पश्चिमेला साठ अंशांवर असतात, मार्चअखेरपर्यंत मिळतील. ट्रायपॉड स्थिर ठेवून तीन-तीन सेकंदांचे दोनशे फोटो काढ, भिंग एफ २.८ वर, फोकस हाताने. मग सिरिल किंवा डीप स्काय स्टॅकर, दोन्ही फुकट आहेत, त्यांत एकावर एक रचून घे. दर दहा मिनिटांनी चौकट पुन्हा जुळवायची, कारण तारे सरकत राहतात.

एक गोष्ट लक्षात ठेव : रोहिणी हा लाल तारा त्या शकटात दिसतो, पण त्या गुच्छातला नाही. तो साधारण ६५ प्रकाशवर्षांवर आहे आणि गुच्छ दीडशेवर. फोटोत ते कळत नाही. आणि परीक्षेचा अभ्यास आधी.

भौतिकशास्त्रवाली
२८ फेब्रुवारी, सकाळी १०.२५

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. धागा वाचून राहवलं नाही. तुम्ही सगळे ज्या फाइली साठवताय त्यांत सुंदर चित्रापलीकडचं बरंच काही आहे.

एका गुच्छातले तारे साधारण एकाच वेळी जन्मले आणि आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. त्यामुळे त्यातला तेजस्वी दिसणारा तारा खरोखरच तेजस्वी असतो, जवळ आहे म्हणून नव्हे. कॅमेऱ्याच्या रॉ (प्रक्रिया न केलेल्या मूळ) फाइलमधून हिरवा आणि निळा भाग वेगळा काढा, प्रत्येक ताऱ्याची तेजस्विता दोन्हींत मोजा, आणि कागदावर आडवा अक्ष रंगाचा, उभा अक्ष तेजाचा घेऊन ठिपके मांडा. तिरकी रांग उमटते. कृत्तिकांमध्ये ती रांग वर निळ्या टोकापर्यंत जाते, कारण तो गुच्छ फक्त दहा कोटी वर्षांच्या आसपासचा आहे. एम ४४ चं वय सुमारे साठ-सत्तर कोटी वर्षं, तिथे वरचं निळं टोक गळालेलं असतं आणि उजवीकडे ते नारिंगी राक्षस दिसतात. कर्केतच थोडा दक्षिणेला एम ६७ आहे, सुमारे चारशे कोटी वर्षांचा, आपल्या सूर्याच्या वयाच्या जवळचा. तिथे रांग आणखी खालीच वळते.

गेल्या वर्षी अकरावीच्या मुलींकडून हे करून घेतलं, एका पालकांच्या १३० मिमी दुर्बिणीतून काढलेल्या फोटोंवर. फिल्टर व्यावसायिक नाहीत, आकडे ढोबळ येतात, पण वळण दिसतं. एका मुलीने ते वळण बघून विचारलं, "म्हणजे मॅडम, या गुच्छातले मोठे तारे मरून गेलेत?" हो, मरून गेलेत, आणि ते तिने स्वतः कागदावर मोजलं होतं.

म्हणून विनंती : फोटो जेपेगमध्ये नको, रॉ मध्ये ठेवा. आणि तारे जाळू नका.

कृष्णाकाठ
२८ फेब्रुवारी, दुपारी १२.५०

ताई, हे मला शाळेतल्या मुलांना दाखवायलाच हवं. १६१० मध्ये गॅलिलिओने याच पुष्यातल्या धूसर ठिपक्यात दुर्बिणीतून चाळीसहून अधिक तारे मोजले होते, एवढंच मी त्यांना सांगत आलो होतो. आता पुढचं सांगता येईल.

दादा, आज ढग आहेत. उद्या चंद्रकोर मावळल्यावर साडेआठला सुरू करतो.

हडसनपलीकडे
२८ फेब्रुवारी, रात्री ११.३०

न्यू जर्सीहून नमस्कार. आमच्या मागच्या अंगणात सध्या रात्री उणे पाच अंश आहे, दव पडण्याऐवजी भिंगावर हिम धरतं, पण तुमच्याकडच्या गणिताने मजा आली. आमच्याकडे ध्रुव चाळीस अंशांवर, त्यामुळे ध्रुव साधणं पाच मिनिटांचं काम. आणि शौरीतला एम १३ उन्हाळ्यात जवळजवळ डोक्यावर येतो, आडव्या-उभ्या माउंटला तुमच्यासारखाच त्रास देतो.

गोलाकार गुच्छांविषयी सांगतो. एम १३ सुमारे बावीस ते पंचवीस हजार प्रकाशवर्षांवर, काही लाख तारे. त्याचा गाभा जळतो आणि कडेचे तारे अंधुक राहतात. मी पाच सेकंदांचा एक संच आणि तीस सेकंदांचा दुसरा घेतो, वेगवेगळे रचतो आणि गाभा पहिल्यातून घेतो. गाभ्यातही तारे सुटे दिसले की मन भरतं.

तुम्हा सगळ्यांचा हेवा वाटतो तो ओमेगा सेंटॉरी या दक्षिणेकडच्या गोलाकार गुच्छासाठी. इथून तो क्षितिजाच्या वर जेमतेम दोन अंश येतो, म्हणजे दिसत नाहीच. भारतात होतो तेव्हा बघायचा राहून गेला.

गच्चीवरून
१ मार्च, सकाळी ८.१०

टाकीआड ध्रुव असणाऱ्यांसाठी, कधी विषुववृत्तीय माउंट घेतलंत तर : ध्रुव दिसण्याची गरज नाही. निना नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आकाशाचे तीन फोटो घेऊन ध्रुवाची दिशा काढण्याची सोय आहे, कुठल्याही मोकळ्या भागाकडे बघून. जुनी पद्धतही चालते : मध्यमंडलाजवळ, खगोलीय विषुववृत्तावरचा तारा धरायचा आणि तो कुठे सरकतो ते पाहायचं. दक्षिणेला सरकला तर माउंटचा अक्ष पूर्वेकडे वळलाय, उत्तरेला सरकला तर पश्चिमेकडे. मग पूर्वेला खाली असलेला तारा धरून अक्षाची उंची तपासायची. मला पहिल्यांदा दीड तास लागला होता, आता वीस मिनिटं.

आणि कृष्णाकाठ, तुमचं परस मातीचं आहे याचं सुख समजा. गच्चीचा स्लॅब एप्रिलमध्ये मध्यरात्रीपर्यंत तापलेला राहतो आणि त्या गरम हवेने तारे थरथरतात. मी संध्याकाळी पाणी मारून ठेवतो. मातीत फक्त ट्रायपॉडचे पाय रुततात, त्याखाली शहाबादी फरशीचे तीन तुकडे ठेवा.

कृष्णाकाठ
२ मार्च, सकाळी ६.५५

झालं! साडेआठ ते सव्वानऊ, पंधरा सेकंदांचे १६० फोटो. कोपऱ्यांतले तारे गोल आहेत. अगदी कडेला किंचित लांबट, पण ते शोधावे लागतात. नारिंगी तारे नारिंगी आलेत. सिरिलमध्ये रचताना चौकट थोडी वळलेली असल्याने कडा कापाव्या लागल्या, बाकी काही नाही.

फोकससाठी पुठ्ठ्याचा बाहतिनोव मास्क केला. स्टेशनरीच्या दुकानातून जाड काळा पुठ्ठा आणला, नमुना छापून चिकटवला आणि कटरने पट्ट्या कापल्या. एका तेजस्वी ताऱ्यावर धरल्यावर तीन रेषा दिसतात, मधली बरोबर मध्यावर आली की फोकस झाला. भिंगाभोवती योगा मॅटचा तुकडा गुंडाळून दवासाठी नळी केली, साडेनऊपर्यंत भिंग कोरडं होतं.

शेजारच्या काकूंच्या गेटवरचा दिवा थेट परसात येतो. संध्याकाळी जाऊन सांगितलं, काकूंनी लगेच तासभर बंद ठेवला आणि स्वतः कंपाउंडपाशी येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर गुच्छ दाखवला तेव्हा त्यांनी विचारलं, "हे एवढं सगळं रोज इथं वर असतं?"

नागपूरकर
२ मार्च, सकाळी ९.००

सुंदर! पांढरा टी-शर्ट भिंगावर ताणून, सकाळच्या आकाशाकडे बघत फ्लॅट फोटो घेतलेत का? नसतील तर पुढच्या वेळी नक्की घ्या. कॅमेरा न हलवता, फोकस तोच ठेवून. सेन्सरवरच्या धुळीचे गोल डाग आणि कडेचा काळोख त्यानेच जातो.

आणि जूनपासून दुर्बीण गुंडाळाल तेव्हा : हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या महिन्याला तव्यावर गरम करून पुन्हा टाका. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरली की ती काढताना लेप जातो. माझी एक जुनी नेत्रिका तशीच गेली.

भौतिकशास्त्रवाली
२ मार्च, सकाळी ११.४०

काकूंचं वाक्य वाचून खूप छान वाटलं.

कृत्तिका घेणाऱ्यांसाठी : कार्तिक पौर्णिमेला चंद्र कृत्तिकांच्याच आसपास असतो, महिन्याचं नावच त्यावरून पडलं. त्या रात्री फोटो काढता येणार नाही. त्यानंतरची अमावास्या धरा. उगवताना त्या ठीक पूर्वेला शोधू नका, पूर्वेपासून पंचवीस अंश उत्तरेकडे बघा. कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत असं शतपथ ब्राह्मणात आहे, आणि शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी त्यावरून त्या काळाचा अंदाज बांधला होता. पृथ्वीच्या अक्षाच्या परांचनाने (भोवऱ्यासारख्या संथ डोलण्याने) इतक्या काळात उगवण्याची जागा एवढी सरकली आहे. परसात ट्रायपॉड कुठे ठेवायचा, हे ठरवताना हाच फरक तुमच्या उपयोगी पडेल.

कृष्णाकाठ
२८ एप्रिल, पहाटे १.२०

धागा वर काढतोय. झोपायच्या आधी लिहून टाकतो.

काल अमावास्या. संध्याकाळी पश्चिमेला वळिवाचे ढग होते, दहाला आकाश मोकळं झालं. ओमेगा सेंटॉरी रात्री अकरा चाळीसला ठीक दक्षिणेला येणार होता. आमच्याकडे तो पंचवीस अंशांवर येतो, बरोबर नारळ आणि भिंत यांच्या मधल्या फटीत. तिथे डोक्यावरच्या तुलनेत जवळपास अडीचपट हवेतून बघावं लागतं, त्यामुळे तारे जरा फुगतात आणि पिवळट होतात.

दक्षिणेला चौकट फिरतेच, दिगंशाची कोज्या तिथे पूर्ण असते. पण दादांच्या सूत्रात आकडे घातल्यावर लक्षात आलं की गुच्छ मध्यभागी लहानच आहे, साधारण सूर्यबिंबापेक्षा थोडा मोठा. पंधरा सेकंदांत त्याच्या कडेला एक पिक्सेलही फिरत नाही. कोपरे वाकले तर वाकोत, ते कापायचेच होते.

अकरा वीस ते बारा, १३० फोटो. त्यांतले वीस नारळाच्या झावळीमुळे गेले. उरलेले ११० रचले. टॉलेमीने याला तारा म्हणून नोंदलं होतं, हॅलीने १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावरून तो तारा नाही हे टिपलं. माझ्या पडद्यावर तो साखर सांडावी तसा पसरलाय, कडेला सुटे दाणे आणि मध्ये दाट. सतरा हजार प्रकाशवर्षं.

हडसनपलीकडे, मूळ रॉ फाइली तुमच्यासाठी वेगळ्या ठेवल्यात, दुवा व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. तुमच्या पद्धतीने गाभा काढून बघा.

हडसनपलीकडे
२८ एप्रिल, सकाळी ७.४५

मिळाल्या. आज रात्रीच बसतो. पाच सेकंदांचा संच घेतला नसेल तर पुढच्या अमावास्येला, मेच्या शेवटी, साडेनऊपासूनच तो मध्यावर असेल. पाऊस लवकर आला नाही तर तेवढे पन्नास फोटो काढून ठेवा.